एकाच फळीवरचीं पुस्तकें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीला ओल आली आणि त्या ओलीमुळें माझ्या वाचनाला जें वळण लागलें, त्याची हकीकत आज आपल्यापुढें ठेवावी असें मनांत आहे. भिंतीची ओल हा कांहीं नभोवाणीवर बोलण्याचा विषय नव्हे, हें मी जाणतों. परंतु माणसाच्या आयुष्यांत मोठ्या गोष्टी पुष्कळदां अशाच क्षुल्लक वाटेनें शिरतात.

आमच्या घरीं पुस्तकांचीं कपाटें दोन. एक माझें. त्यांत पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत', रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें', संत ऑगस्टीनचें आत्मनिवेदन आणि अशींच आणखी धर्मपर पुस्तकें. दुसरें कपाट चिरंजीवाचें. तो आज कित्येक वर्षें नोकरीनिमित्त परगांवीं असतो. पण शाळा-कॉलेजांत असतांना त्यानें जमविलेलीं पुस्तकें मागेंच राहिलीं आहेत. त्यांत बहुतेक सर्व विज्ञानकथा. वेल्स, क्लार्क, आपले नारळीकर. ओल लागली ती त्याच्या कपाटामागच्या भिंतीला. माझ्या पत्नीनें भराभर पुस्तकें बाहेर काढलीं, पुसलीं, पंख्याखालीं वाळविलीं आणि दुसरी जागा नाहीं म्हणून माझ्या कपाटांत जेथें फट दिसली तेथें खोंचून दिलीं. दुसरे दिवशीं सकाळीं मी ऑगस्टीन काढावयास गेलों, तों हाताला वेल्सचें 'टाइम मशीन' लागलें.

मी चिडलों. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या विषयवार लावण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला असली सरमिसळ सोसत नाहीं. पण पत्नी शांतपणें म्हणाली, "आपसांत भांडत तर नाहींत ना तीं? मग राहूं द्या कीं." तें वाक्य मीं त्या वेळीं हंसण्यावारीं नेलें. पुढें सहा महिने तेंच माझ्या डोक्यांत घोळत राहिलें.

माझा जन्म ख्रिस्ती घराण्यांतला. वडील एका खेड्यांतील मंडळीचे पाळक होते. कल्पित कथा म्हणजे गोड करून सांगितलेलें असत्य, असें त्यांचें ठाम मत. एकदां मीं धीर करून त्यांना विचारलें, "मग प्रभूनें सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला खरा घडलेला आहे काय?" त्यांनीं माझ्याकडे बराच वेळ पाहिलें आणि ते म्हणाले, "तो दाखला आहे." पुढें ते कांहीं बोलले नाहींत, आणि मींही विचारलें नाहीं. मात्र शाळेच्या ग्रंथालयांतून भा. रा. भागवतांनीं मराठींत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथा मी त्यानंतर अधिक निर्भयपणें घरीं आणूं लागलों.

पुढें मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों आणि गणित व सामान्य विज्ञान शिकवूं लागलों. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेंत 'नारायण विनायक जगताप' या नांवानें आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलें बक्षीस मिळालें, आणि हे जगताप म्हणजे डॉक्टर जयंत नारळीकर हें मागाहून उघड झालें. ही गोष्ट मीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल त्याला गणतीच नाहीं. चिरंजीवाला त्या कथांचें वेड लागलें तें माझ्यामुळेंच. वय वाढलें तसा मी मात्र धर्मग्रंथांकडे वळलों, आणि तो तिकडेच राहिला. एके वर्षीं त्यानें रविवारच्या उपासनेला येणें बंद केलें. भांडण झालें नाहीं. झालें असतें तर बरें झालें असतें. सुटींत तो घरीं आला म्हणजे जेवतांना पाऊसपाण्याच्या गोष्टी करावयाच्या आणि मुख्य विषय ताटाबाहेर ठेवावयाचा, अशीं आमचीं कित्येक वर्षें गेलीं. मनांतल्या मनांत मी त्याला उधळ्या पुत्राच्या रांगेंत बसवून मोकळा झालों होतों.

आतां त्या सरमिसळींत मला काय सांपडलें, तें सांगतों. हें सांगण्यास चिरंजीवाची परवानगी मीं घेतली आहे.

आर्थर क्लार्कचा एक कथासंग्रह चाळीत असतां एका कथेच्या शेवटीं समासांत पेन्सिलीनें काढलेलें प्रश्नचिन्ह दिसलें. त्याच्या खालीं दोनच शब्द होते : "बाबा, सांगा." ओलीनें कागद फुगला होता, पण अक्षर ओळखूं येत होतें. तें त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलें अक्षर. त्यानें तो प्रश्न लिहिला होता, पण मला कधीं विचारला नव्हता. मी तो ऐकून घेईन असें त्याला वाटलें नसावें.

ती कथा 'द स्टार', म्हणजे 'तारा'. १९५५ सालीं ती प्रथम छापली गेली आणि पुढच्याच वर्षीं तिला विज्ञानकथांसाठीं दिलें जाणारें ह्यूगो पारितोषिक मिळालें. कथा थोडक्यांत अशी. पुढील एका काळीं पृथ्वीवरून निघालेलें एक अवकाशयान हजारों प्रकाशवर्षांच्या अंतरावर एका तेजोमेघापाशीं पोंचलें आहे. एक तारा फार पूर्वीं स्फोट होऊन नष्ट झाला, त्याचा हा उरलेला धूर. यानावरचा मुख्य खगोलशास्त्रज्ञ हा जेझुइट संघाचा धर्मगुरु आहे. ही निवड मुळींच ओढूनताणून केलेली नाहीं. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे व ती जेझुइट चालवितात, आणि १९ व्या शतकांत ताऱ्यांच्या वर्णपटांची वर्गवारी लावणारा अँजेलो सेक्की हाही जेझुइटच होता. असो. त्या मेलेल्या ताऱ्याच्या अगदीं कडेच्या ग्रहावर या प्रवाशांना एक भुयार सांपडतें. आपला तारा फुटणार हें तेथील लोकांना आधींच कळलें होतें, परंतु दुसऱ्या ताऱ्याकडे पळून जाण्याइतकी त्यांची विद्या पोंचली नव्हती. तेव्हां त्यांनीं आपली सारी कला, आपलें ज्ञान, आपल्या मुलांचीं समुद्रकांठीं खेळतांनाचीं दृश्यें त्या भुयारांत ठेवून दिलीं. कोणी तरी कधीं तरी येईल आणि आपली आठवण काढील म्हणून. धर्मगुरु गणित मांडतो, कीं त्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर केव्हां पोंचला असेल? उत्तर येतें तें बेथलेहेमच्या रात्रीचें. मागी लोकांना वाट दाखविणारा तारा म्हणजे एका सज्जन, सुंदर लोकवस्तीची चिता होती.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दर नाताळांत आम्ही दाराशीं कागदाचा तारा लावतों, आंत दिवा ठेवतों. तो तारा आतां माझ्या डोळ्यांपुढें निराळाच दिसूं लागला.

माणूस अडचणींत सांपडला म्हणजे प्रथम पळवाट शोधतो. मींही शोधली. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील तारा हा फुटलेला ताराच होता असें थोडेंच आहे? ख्रिस्तपूर्व ७ या वर्षीं गुरु आणि शनि एकमेकांजवळ आले होते व त्या युतीचा विचार केप्लरनें देखील केला होता. तेव्हां क्लार्कची कथा पायांतच लंगडी आहे, असें मीं मनाशीं ठरविलें आणि पुस्तक मिटलें. पण मिटल्यावर कळलें, कीं मुलानें मला खगोलशास्त्राचा प्रश्न विचारलाच नव्हता. त्याचा प्रश्न साधा होता : ज्या देवाला तुम्ही दयाळू म्हणतां, त्याच्या जगांत असें कां? मग तें ताऱ्यानें होवो, भूकंपानें होवो, कीं एखाद्या गल्लींतल्या तापाच्या साथीनें होवो.

अशा मनःस्थितींत माझें लक्ष एका नांवाकडे गेलें, कारण तें एकच नांव दोन्ही कपाटांतून निघालें होतें. तें सी. एस. लुइस याचें. १८९८ सालीं बेलफास्टला जन्मलेला हा पंडित ऑक्सफर्डला शिकवीत असे. नऊ वर्षांचा असतां त्याची आई कर्करोगानें गेली, पहिल्या महायुद्धांत तो जखमी झाला, तरुणपणीं पक्का नास्तिक होता, आणि १९३१ सालीं ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. माझ्या कपाटांत त्याचें 'मिअर ख्रिश्चॅनिटी' होतें. आपणां श्रोत्यांना सांगण्यासारखें म्हणजे तो ग्रंथ नभोवाणीवरच जन्मला. १९४१ ते १९४४ या युद्धकाळांत बी. बी. सी. नें लुइसकडून भाषणें करविलीं, तींच एकत्र होऊन १९५२ सालीं त्या नांवानें निघालीं. चिरंजीवाच्या कपाटांत याच माणसाची 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' ही १९३८ सालची कादंबरी होती. इतकीं वर्षें तो दोन खोल्यांत दोन बाजूंनीं आमच्याकडे पाहत उभा होता, आणि तो एकच आहे हें माझ्या ध्यानांतही आलें नव्हतें.

त्या कादंबरींत रॅन्सम नांवाच्या भाषापंडिताला दोघे इसम पळवून मंगळावर नेतात. वेल्सच्या कथा वाचून परग्रहावरील राक्षसांची धास्ती त्याच्या मनांत बसलेली आहे. प्रत्यक्षांत त्याला तेथें तीन निरनिराळ्या जातींचे बुद्धिमान प्राणी भेटतात आणि ते शेजारधर्मानें नांदत असतात. अवकाश म्हणजे काळोख आणि गारठा, ही त्याची समजूतही वाटेंतच पुसली जाते. यानांतून त्याला सर्वत्र प्रकाश भरलेला दिसतो. इतर ग्रहांचा आपसांत संवाद चाललेला आहे. मुका झालेला ग्रह एकच, तो म्हणजे आपली पृथ्वी.

परंतु माझ्यांतल्या मास्तराला जो प्रसंग विशेष भावला तो शेवटाकडचा आहे. रॅन्समला पळविणारा शास्त्रज्ञ वेस्टन मंगळाच्या अधिपतीपुढें मोठें भाषण करतो : मानवाचें भवितव्य, प्रगतीचा अधिकार, ग्रहामागून ग्रह जिंकण्याची थोर कामगिरी. त्याला तेथील भाषा नीट येत नाहीं, म्हणून रॅन्समला दुभाष्याचें काम करावें लागतें. त्या सरळ लोकांच्या भाषेंत असले फुगीर शब्दच नाहींत. मग वाक्यावाक्याचा अर्थ साध्या शब्दांत उतरवितांना त्या थोर कामगिरीचें काय होतें, तें वाचण्यासारखें आहे. दुसऱ्याचें घर घ्यावयाचें आणि आड येईल त्याला मारावयाचें, एवढेंच उरतें.

तें वाचून हंसलों आणि दुसऱ्याच क्षणीं गंभीर झालों. माझ्या धार्मिक उत्तरांचें असें भाषांतर केलें तर? "देवाची योजना अगम्य आहे", "सर्व कांहीं अंतीं कल्याणासाठींच असतें", हीं वाक्यें मीं आयुष्यांत किती घरांतून, किती दुखवट्यांतून बोललों आहें! क्लार्कच्या कथेंतील त्या समुद्रकांठच्या मुलांना समजेल अशा शब्दांत तीं सांगून पाहिलीं. तीं सांगतां येईनात. वेस्टनची फजिती झाली होती तीच माझी झाली.

लुइसवरही ही पाळी आलीच होती. १९४० सालीं त्यानें 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' या ग्रंथांत दुःखाच्या प्रश्नाचा मोठ्या कौशल्यानें उलगडा केला. १९६० सालीं त्याची पत्नी जॉय कर्करोगानें वारली आणि पुढच्या वर्षीं त्यानें 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' हें लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें स्वतःचें नांव न घालतां. त्यांत तो देवाशीं भांडतो, त्याच्यावर संशय घेतो, आपल्याच जुन्या युक्तिवादांना हंसतो, आणि तरीही बोलणें थांबवीत नाहीं. पहिलें पुस्तक विद्वानाचें आहे आणि दुसरें घायाळ माणसाचें. गरजेच्या वेळीं मला दुसरेंच उपयोगी पडलें.

यानंतर हातीं आली ती वॉल्टर मिलर या अमेरिकन लेखकाची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'. ही कादंबरी १९५९ सालीं निघाली आणि १९६१ सालीं तिला ह्यूगो पारितोषिक मिळालें. तिच्यामागची हकीकत अशी. दुसऱ्या महायुद्धांत मिलर बाँबफेकी विमानांवर काम करीत असे, आणि इटलींतील माँते कासिनो येथील मठावर झालेल्या १९४४ सालच्या भडिमारांत तो सामील होता. संत बेनेडिक्टनें इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापिलेला हा मठ. युरोपांत ज्या मठांनीं ग्रंथ लिहून काढून विद्या जिवंत ठेविली, त्यांचा हा जणुं मूळपुरुष. त्या वर्षीं आपल्या मराठा पलटणीही इटलींत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तेथीलच १९४४ च्या लढाईंतील पराक्रमाबद्दल. युद्धानंतर, १९४७ सालीं, मिलर कॅथॉलिक झाला. ज्यानें ग्रंथ राखणाऱ्या मठाच्या नाशाला हातभार लावला, त्यानेंच पुढें ग्रंथ राखणाऱ्या मठाची कादंबरी लिहिली.

अणुयुद्धानें जग जळून गेलें आहे. उरलेल्या लोकांनीं चिडून विद्वानांना ठार केलें आहे आणि पुस्तकें जाळलीं आहेत. वाळवंटांतील एका मठांतले संन्यासी सांपडतील ते कागद जपून ठेवीत आहेत. तेथील ब्रदर फ्रान्सिस या साध्याभोळ्या उमेदवाराला एक जुना निळा आराखडा मिळतो. विजेच्या कसल्याशा यंत्राचा तो आराखडा आहे. त्याला त्यांतलें अक्षरही कळत नाहीं. पण तो पंधरा वर्षें खपून त्याची सोन्याच्या वेलबुट्टीनें सजविलेली नक्कल तयार करतो. पुढें वाटेंत चोर ती सुंदर नक्कल मौल्यवान समजून लुबाडतात आणि मूळ फाटका आराखडा त्याच्याच हातीं ठेवून जातात. वाचतांना मी एकटाच मोठ्यानें हंसलों. पण शतकांमागून शतकें जातात, त्या जपलेल्या कागदांतून पुन्हां विद्या उगवते, मठांत विजेचा दिवा लागतो, आणि शेवटीं त्याच विद्येनें माणूस पुन्हां जग जाळतो. श्रद्धावंतानें लिहिलेली ही कादंबरी, पण तींत कोठेंही खोटें सांत्वन नाहीं.

तिच्यांतून मीं एक गोष्ट घेतली. फ्रान्सिसला तो आराखडा कळला नाहीं. तरी त्यानें तो फेंकून दिला नाहीं, आणि त्याला खोटा अर्थही चिकटविला नाहीं. न कळलेलें जपून ठेवावयाचें, हें काम लहान नाहीं. मुलाच्या प्रश्नाचें मीं काय केलें होतें? तो मीं फेंकून दिला होता, तोही न वाचतां.

मग मी माझ्या कपाटांतल्या पुस्तकांकडे पुन्हां वळलों, तों तींही निराळीं दिसूं लागलीं. दीत्रिख बोनहोफर हा जर्मन धर्मोपदेशक हिटलरच्या तुरुंगांत होता. ९ एप्रिल १९४५ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्याला फांशीं देण्यांत आलें. तुरुंगांत त्यानें वायत्सेकर या पदार्थविज्ञानवेत्त्याचा ग्रंथ वाचला आणि मे १९४४ मधील एका पत्रांत आपल्या मित्राला कळविलें कीं, जेथें आपलें ज्ञान अपुरें पडतें तेथें ठिगळ म्हणून देवाला बसविणें चुकीचें आहे. ज्ञान वाढेल तसतसें तें ठिगळ मागें सरकणारच. देव शोधावयाचा तो आपल्याला कळलेल्या गोष्टींत, आयुष्याच्या मध्यभागीं. तुरुंगावर विमानांचा भडिमार होत असतां हा माणूस पदार्थविज्ञान वाचतो आणि श्रद्धेचें हिशेबपत्रक नीट करतो, याचा मला मोठा अचंबा वाटला.

हीच मर्यादा एका शास्त्रज्ञ धर्मगुरूनें दुसऱ्या टोंकानें संभाळली होती. बेल्जियमचे ज्यॉर्ज लमेत्र हे कॅथॉलिक धर्मगुरु आणि गणिती. विश्व प्रसरण पावत आहे असें त्यांनीं १९२७ सालीं मांडलें आणि १९३१ सालीं तें एका आद्य अणूपासून सुरू झालें असावें अशी कल्पना पुढें आणली. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं या शास्त्राचा आधार घेऊन सृष्टीच्या निर्मितीचें समर्थन केलें, तें लमेत्र यांना रुचलें नाहीं. आपला सिद्धान्त श्रद्धेचा पुरावाही नव्हे आणि तिचें खंडनही नव्हे, असें त्यांचें म्हणणें. त्या सिद्धान्ताला 'बिग बँग' हें नांव दिलें तें विरोधक फ्रेड हॉइल यांनीं, तेंही १९४९ सालच्या बी. बी. सी. वरील भाषणांत. हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत, आणि त्यांचे शिष्य व सहकारी म्हणजे आपले नारळीकर, जे अखेरपर्यंत त्या सिद्धान्ताचे टीकाकार राहिले. धर्मसंस्थेनें ही मर्यादा नेहमींच पाळली असें मात्र नाहीं. १६१६ सालीं इकडे गोव्यांत फादर स्टीफन्स या जेझुइटाचें मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें. त्याच सालीं तिकडे रोममध्यें कोपर्निकसच्या ग्रंथावर, तो दुरुस्त होईपर्यंत, बंदी घालण्यांत आली. दोन्ही गोष्टी आमच्याच घरच्या आहेत, आणि दोन्ही आठवणींत ठेवणें मला आवश्यक वाटतें.

शेवटीं मी ईयोबाचें पुस्तक काढलें. तें मीं अनेकदां वाचलेलें, शिकविलेलें. या खेपेस एक गोष्ट प्रथमच टोंचली. ईयोबाचीं मुलें मेलीं, संपत्ति गेली, अंगावर फोड उठले. तो आक्रोश करतो, देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन एकाहून एक सुरेख उत्तरें देतात. अखेरीस देव बोलतो, तेव्हां तो कृत्तिका आणि मृगशीर्ष दाखवितो, समुद्र दाखवितो, रानांतल्या शेळ्यांचें बाळंतपण दाखवितो, पण कारण सांगत नाहीं. आणि राग करतो तो ईयोबावर नव्हे, त्या उत्तरें देणाऱ्या मित्रांवर. इतकीं वर्षें मी स्वतःला ईयोबाच्या जागीं कल्पीत आलों. त्या दिवशीं कळलें कीं माझी जागा मित्रांमध्यें आहे.

नाताळला चिरंजीव घरीं आला. जेवणें झाल्यावर मीं तें पुस्तक त्याच्यापुढें उघडून ठेवलें. त्यानें प्रश्नचिन्हाकडे पाहिलें आणि तो अवघडला.

"बाबा, हें तुम्ही वाचलेंत?"

"वाचलें."

"मग?"

"मला उत्तर येत नाहीं," मी म्हणालों.

छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहून हें वाक्य मीं फार थोड्या वेळां उच्चारलें असेल. तो कांहीं बोलेना. मग मी म्हणालों, "एक गोष्ट मात्र मनांत आली. क्लार्क स्वतः श्रद्धाळू नव्हता. तरी त्या मेलेल्या लोकांसाठीं रडण्याचें काम त्यानें एका धर्मगुरूकडे सोंपविलें. तारे कोणाच्या तरी प्रेमळ हातांत आहेत असें ज्यानें मानलें, त्यालाच अशा वेळीं तक्रार करण्याचा हक्क पोंचतो, असें त्यालाही वाटलें असेल काय?"

तो जरा हंसला. "हें उत्तरच देतां आहां, बाबा."

"बरें, खोडून टाक," मी म्हणालों. "पण तुझा प्रश्न माझ्या पुष्कळ प्रार्थनांपेक्षां प्रामाणिक होता, आणि तो मीं इतकीं वर्षें ऐकला नाहीं, हें खोडूं नकोस."

त्यानंतर आम्ही रात्रीं फार उशिरांपर्यंत बोललों. पाऊसपाण्याविषयीं एक शब्दही निघाला नाहीं. पत्नी दोन वेळां चहा ठेवून गेली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत एक थोरला भाऊ आहे, जो घर कधींच सोडीत नाहीं, पण शेवटीं अंगणांत रुसून उभा राहतो आणि आंत यावयास तयार नसतो. त्याच्याकडे माझें लक्ष त्या रात्रीं प्रथमच गेलें. सकाळीं दाराशींचा कागदाचा तारा आम्ही दोघांनीं मिळून लावला. त्याच्या आंतला दिवा पेटवितांना त्या भुयारांतल्या मुलांची आठवण आम्हां दोघांनाही झाली असावी, कारण दोघेही बराच वेळ गप्प होतों. चिरंजीव त्या दिवशीं उपासनेला आला कीं नाहीं, हें मी येथें सांगणार नाहीं. तो त्याचा प्रश्न आहे. जातांना त्यानें बोनहोफरचीं पत्रें मागून नेलीं, आणि लुइसची पुढची कादंबरी, शुक्रावरची 'पेरेलांद्रा', माझ्यासाठीं पाठवून दिली.

श्रोतेहो, विज्ञानकथा वाचून श्रद्धा वाढते असें मी म्हणत नाहीं, आणि ती ढळते असेंही मला आढळलें नाहीं. विज्ञानकथा प्रश्न मोठा करून दाखविते. आपल्या अंगणांतलें दुःख ती ताऱ्यांएवढें करते, मग त्याला लहानशी पट्टी बांधून भागत नाहीं. धर्मपर पुस्तकांपैकीं जीं खरोखर टिकाऊ आहेत, तीं त्या प्रश्नापुढें घाईनें बोलत नाहींत, पण उठून निघूनही जात नाहींत. आपल्या घरांत आपला धर्म कोणताही असो, अशीं दोन कपाटें बहुधा असतीलच, आणि तीं निरनिराळ्या पिढ्यांचीं असतील. भिंतीला ओल येण्याची वाट पाहूं नका. एकमेकांच्या कपाटांतलें एक एक पुस्तक काढून वाचा, आणि वाचतांना समास अवश्य पाहा. तेथें आपल्या नांवानें कांहीं लिहून ठेविलेलें असूं शकेल.

आमची भिंत आतां दुरुस्त झाली आहे. पुस्तकें मात्र पुन्हां वेगळीं लावलेलीं नाहींत.